अमावस्येचं बिल्ड

नाशिकला गंगापूर रोडवर एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर किशोर सरांचं ऑफिस आहे. तिथे कांद्याच्या भावाचं अ‍ॅप बनतं. लासलगावात, पिंपळगावात, विंचूरला या घटकेला लिलाव कितीवर चाललाय, ते शेतकऱ्याला ट्रॉलीजवळ उभ्याउभ्या फोनवर दिसतं. आता अ‍ॅपचं ऑफिस म्हटलं की तुम्हाला वाटेल, तिथला कारभार कसा एकदम आधुनिक असेल. छे हो! नवी आवृत्ती बाहेर काढायची तर आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघतात. राहुकाळ टाळायचा, सकाळची वेळ धरायची, लॅपटॉपला अगरबत्ती ओवाळायची आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर नारळ फोडायचा. अमावस्या असली तर विषयच संपला. किशोर सरांच्या घरात आजोबांपासून कांद्याचा व्यापार, आणि अमावस्येला नवा सौदा करायचा नाही ही रीतही तेव्हापासूनची. कांद्याऐवजी अ‍ॅप आलं म्हणून काय झालं, धंदा तो धंदाच की!

योगिनीला या सगळ्याचं हसू यायचं. तिला इथे येऊन फार दिवस झाले नव्हते. त्याआधी बरीच वर्षं घरी बसून ती वेबसाईटी सजवायची. कुठलं अक्षर केवढं, कुठला रंग कुठे, दोन ओळींत अंतर किती, हे सगळं ज्या फाईलीत लिहितात तिला स्टाईलशीट म्हणतात, आणि त्यात योगिनीचा हात धरणारं नाशकात फार कोणी नव्हतं. पण तिचा खरा गुण वेगळाच होता. तिला 'का' विचारल्याशिवाय चैन पडत नसे. लहानपणी तिनं घरातला रेडिओ उघडला होता, आत माणूस बसलाय का बघायला. तिच्या आईनं तेव्हा तिला चांगली झोडपली होती, पण खोड काही गेली नाही.

या ऑफिसात ती आली ती एका हट्टानं. तिचे वडील धोंडीराम निफाड तालुक्यात कांदा करतात. अ‍ॅप त्यांच्याही फोनवर होतं, पण त्यातली अक्षरं बारीक. 'आक्षरं कुठली, मुंग्या हाईत त्या,' म्हणायचे. मग बाजारात शेजारच्या ट्रॉलीवाल्यापुढे फोन धरायचा आणि विचारायचं, 'बघ रं जरा, काय भाव चाललाय.' एकदा त्या पठ्ठ्यानं विंचूरचा चढा भाव लासलगावचा म्हणून वाचून दाखवला, आणि धोंडीरामांनी बोली नाकारून ट्रॉली परत नेली. त्यांना वाईट वाटलं ते भावाचं नव्हे. आयुष्यभर आपला माल आपण विकलेला माणूस, आणि आता भाव दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचायचा, हे त्यांना फार लागलं होतं. योगिनीला ते कळलं आणि ती इथे आली. तिनं अ‍ॅपचं रूप नव्यानं आखलं. पांढऱ्या स्वच्छ पडद्यावर भावाचा आकडा हा एवढा मोठा, बाजाराचं नाव त्याच्यावर, आणि बाकी पसारा बाहेर. रात्री डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून संध्याकाळनंतर पडदा काळा आणि अक्षरं मंद, अशीही सोय तिनं केली.

ती नवी आवृत्ती सोमवारच्या बाजारासाठी शनिवारी सकाळी निघाली. अगरबत्ती, नारळ, सगळं झालं. संध्याकाळी सगळे घरी गेले आणि योगिनीच्या लक्षात आलं की 'पिंपळगाव बसवंत' हे नाव छोट्या फोनवर अर्धंच दिसतंय. दुरुस्ती एका ओळीची होती. ती तिनं केली. आता बिल्ड करायचं, म्हणजे लिहिलेलं सगळं एकत्र बांधून फोनवर जाईल असं गाठोडं करायचं. तिची नजर कॅलेंडरवर गेली. अमावस्या दुपारीच लागली होती. बाहेर पौषातला अंधार पडत आलेला, खाली दवाखान्याचे दिवे लागलेले. 'अमावस्या बघून काय कोड बिघडतो होय?' असं मनाशी म्हणत तिनं बटण दाबलं, अपडेट पाठवलं आणि स्कूटी काढून घरी गेली.

सोमवारी लिलाव सुरू झाला आणि ऑफिसात बसलेल्या योगिनीला वडिलांचा फोन आला.

"आगं योगे, तुझं ते अ‍ॅप काळं पडलंय की!"

"काळं म्हणजे?"

"काळं म्हंजी काळं. तव्यावानी. हितं उन्हात काय बी दिसंना. माझंच तोंड दिसतंय त्यात. माझ्या एकट्याचं नाय, समद्यांचं तसंच हाय. मानसं लय वैतागलीत."

योगिनीनं स्वतःच्या फोनवर अ‍ॅप उघडलं. सकाळचं लख्ख ऊन खिडकीतून टेबलावर आलेलं, आणि पडदा काळा ठिक्कर.

तोवर किशोर सर आत आले. त्यांचा फोन सकाळपासून वाजत होता. त्यांनी ओरडायला सुरुवात केली नाही, ते खुर्चीवर बसले आणि शांतपणे विचारलं, "आपण शनिवारी सकाळी केलं ते मी बघितलं होतं. पांढरं होतं. नंतर कुणी हात लावला?"

"मी," योगिनी म्हणाली. "संध्याकाळी. एका ओळीची दुरुस्ती होती, नावाची."

"अमावस्या लागल्यावर?"

"सर, त्याचा काय संबंध..."

"मी संबंध विचारत नाहीये. लागल्यावर का आधी?"

"लागल्यावर."

किशोर सरांनी समाधानकडे बघितलं. समाधान सटाण्याचा, अ‍ॅपचं आतलं यंत्र सगळं त्यानं जुळवलेलं. तो मान खाली घालून चहात बिस्किट बुडवत बसला. अशा वेळी बिस्किटाइतकं महत्त्वाचं काही नसतं.

"सर, मला दहा मिनिटं द्या," म्हणून योगिनी लॅपटॉपशी बसली. नावाची ती ओळ तपासली. तिचा रंगाशी काडीचा संबंध नव्हता. मग तिनं काही न बदलता, एक अक्षरही इकडचं तिकडे न करता, तेच बिल्ड पुन्हा केलं आणि चाचणीच्या फोनवर टाकलं.

पांढरं शुभ्र!

तेच पीठ, तोच तवा, आणि शनिवारची भाकरी काळी, आजची पांढरी. हे कसं? किशोर सर मागे येऊन उभे होते. त्यांनी फोन हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाले, "सुटली अमावस्या."

"सर, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असेल."

"असेल. मग फांदी का मोडली ते सांग. सांगता येतं?"

तिला सांगता येईना. इथेच खरी पंचाईत होती. पुरावा सगळा त्यांच्या बाजूचा, आणि हिच्याकडे नुसतं 'असं कसं होईल'.

"मग ऐक," ते म्हणाले. "हे आज पांढरं झालंय, उद्या परत कधी काळं होईल तुला माहीत नाही, मला माहीत नाही. बाजारात माणसं माझं नाव घेऊन शिव्या देतायत. उद्याच्या लिलावाआधी जुनी आवृत्ती परत लावायची. तुझं ते मोठ्या आकड्यांचं पाडव्याला बघू."

पाडवा म्हणजे लाल कांद्याचा हंगाम संपल्यावर. आणि असं 'बघू' म्हटलेलं किती परत निघतं, हे कुणाला ठाऊक नाही? योगिनीच्या डोळ्यांपुढे वडील आले, शेजारच्यापुढे फोन धरून उभे असलेले. तिला रडू यायला लागलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच रागही आला.

"कारण सापडलं तर?" तिनं विचारलं.

"आज सापडलं तर ऐकेन," सर म्हणाले आणि वाजणारा फोन उचलत बाहेर गेले.

डबा तसाच राहिला. योगिनी शनिवारचं ते काळं गाठोडं सोडून बसली. रेडिओ उघडणारीच ती! पण आत तिला तिची स्टाईलशीट कुठे सापडेचना. तिनं नाव टाकून शोधलं, वरून खाली वाचलं. स्टाईलशीट नावाला नव्हती. तिच्या जागी जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत एकामागून एक कंस होते. शीर्षक, कंस, अक्षराचा आकार इतका, कंस बंद. पडदा, कंस, रंग काळा, कंस बंद.

"समाधान, माझी फाईल कुठे गेली?"

"कुठली, ताई?"

"स्टाईलशीट. मी लिहिलेली. ही आत नाहीये."

"ती कशाला असेल?" समाधान खुर्ची सरकवत आला. "फोनवरच्या अ‍ॅपला स्टाईलशीट वाचता येत नाही. त्याला जावास्क्रिप्टच कळतं. तुम्हाला तुमच्या सवयीनं लिहिता यावं म्हणून मी मधे एक अवजार बसवलंय. बिल्डच्या वेळी ते तुमची फाईल वाचतं आणि तिचे हे असे कंसातले ऑब्जेक्ट करून ठेवतं. फोनकडे हेच जातं. तुमची फाईल आपली इथेच राहते."

"म्हणजे ती फोनवर कुणी वाचतच नाही?"

"एकदाच वाचली जाते. इथे. तुमच्या लॅपटॉपवर."

वेबसाईटीचं तसं नसतं. तिथे पान उघडणाऱ्याच्याच ब्राउझरमध्ये सगळं वाचलं जातं, दर वेळी नव्यानं. तिला इतक्या वर्षांची तीच सवय. तिनं रंगांची फाईल उघडली. दिवसाचे रंग, रात्रीचे रंग, आणि दोन्हींच्या वर तिनं स्वतः लिहिलेली ओळ, वेबसाईटींच्या दिवसांपासून पाठ असलेली: आत्ता किती वाजले बघ, संध्याकाळ झाली असेल तर रात्रीचे रंग घे.

आत्ता! कुणाचं आत्ता?

"समाधान," ती त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "हे तुझं अवजार माझी फाईल वाचताना ही ओळपण चालवतं?"

समाधाननं ओळ वाचली. मग परत वाचली. मग कपाळावर हात मारून घेतला. "कठीण शे, ताई! चालवतं की. चालवतं आणि उत्तर तेवढं लिहून ठेवतं. प्रश्न टाकून देतं."

"म्हणजे शनिवारी त्यानं विचारलं, किती वाजले..."

"आणि तुमचा लॅपटॉप म्हणाला, संध्याकाळ झाली."

"आणि निफाडपासून येवल्यापर्यंत सगळ्यांना तीच संध्याकाळ गेली!"

योगिनी मोठ्यांदा हसली, अगदी टेबलावर हात आपटून. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मग तिच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली आणि हसू थांबलं. हा घोळ इतके दिवस दिसला कसा नाही? चाचणीची सगळी बिल्ड दिवसा झालेली, आणि बाहेर पाठवायचं तर सकाळीच, नारळ फोडून. सरांच्या मुहूर्तानं तिची चूक आजवर झाकून ठेवली होती. रात्री पडदा काळा व्हायला हवा होता, तो कुणाच्याच फोनवर कधी झाला नव्हता, आणि जे कुणी कधी बघितलंच नाही त्याची तक्रार कोण करणार?

तिनं किशोर सरांना बोलावलं.

"सर, तुमच्या मते वर्षातला सगळ्यात चांगला दिवस कुठला?"

"दसरा," ते म्हणाले. "का?"

योगिनीनं लॅपटॉपचं घड्याळ येत्या दसऱ्यावर नेलं, वेळ संध्याकाळची लावली, आणि बिल्ड केलं. फोन त्यांच्या हातात दिला. पडदा काळा.

"दसऱ्याला?" सर म्हणाले.

"आता ही कालची अमावस्या. भर दुपारची." घड्याळ मागे आलं, बिल्ड झालं. पडदा पांढरा.

किशोर सर खाली बसले. "परत कर," म्हणाले. तिनं परत केलं. मग त्यांनी स्वतः तारीख घातली, त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाची. संध्याकाळी काळा, सकाळी पांढरा. मग धाकट्या भावाच्या वाढदिवसाची घातली. त्या माणसाच्या चेहऱ्यावर हळूहळू असं कुतूहल यायला लागलं की विचारू नका. ते तारखा घालत गेले आणि समाधान चहा सांगायला गेला.

शेवटी त्यांनी मान वर केली. "म्हणजे मी म्हणत होतो ते अगदीच चुकीचं नव्हतं. ज्या वेळेला वस्तू बनली, ती वेळ वस्तूत राहिली."

योगिनीला नाही म्हणावंसं वाटलं, पण खोटं कसं बोलणार? "हो सर, राहिली. पण तिथी नाही राहिली, घड्याळ राहिलं. आणि ते राहिलं माझ्या चुकीनं. ते मी काढते."

काढायचं कसं, ते तिला आता स्वच्छ दिसत होतं. दिवसाचे आणि रात्रीचे, दोन्ही रंग बिल्डमध्ये पाठवायचे आणि निवड इथे करायचीच नाही. किती वाजले हा प्रश्न जिवंत ठेवायचा, आणि अ‍ॅप उघडेल तेव्हा तो ज्याच्या त्याच्या फोनला विचारायचा. तिनं आणि समाधाननं मिळून ते लिहिलं. होईतो खाली दवाखान्याचे दिवे लागले.

"छान," किशोर सर म्हणाले. "आता उद्या सकाळी लवकर या. मी नारळ आणतो. सकाळी बिल्ड करू, लिलावाच्या आत जाईल."

योगिनी उठता उठता थांबली. सकाळी केलं तर बाजारात पांढरंच दिसेल, आपण बरोबर असू किंवा नसू, दोन्हींत. ही वाट बिनधोक होती. कुणी तिला काही म्हटलं नसतं. पण मग आपली दुरुस्ती खरी का मुहूर्त खरा, हे कळणार कधी? आणि पुढचं बिल्ड कोणी कधी संध्याकाळी केलं की वडील परत शेजारच्यापुढे फोन धरणार.

"सर, आत्ता करायचं," ती म्हणाली. "आत्ताच. अंधार पडलाय म्हणूनच."

"आणि उद्या काळं निघालं तर?"

"तर जुनी आवृत्ती लावा. मी पाडव्याचंही नाव काढणार नाही."

किशोर सर उठून कॅलेंडरपाशी गेले, चष्मा वर करून वाचलं. "प्रतिपदा आहे," ते पुटपुटले. "तशी वाईट नाही." अगरबत्ती मात्र त्यांनी लावलीच. खरं सांगायचं तर त्या वेळी तिनंही मनातल्या मनात हात जोडले. मग बटण दाबलं.

मंगळवारी सकाळी ती ऑफिसच्या जिन्यातच होती तेव्हा फोन वाजला. मागे ट्रॅक्टरचा घरघराट, माणसांचा गलका, बोलीचा पुकारा.

"योगे, झालं बघ पांढरं! ही एवढाली आक्षरं! मी वाचलं. हितला बी वाचला, पिंपळगावचा बी वाचला. शेजारचा सावळीराम मलाच इचारतोय, धोंडीतात्या, भाव काय चाललाय म्हणून." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कुणाला इचारलं नाय म्या."

"हो ना, बाबा?" ती म्हणाली. ती पायरीवर बसली आणि मनसोक्त रडली. वरून किशोर सर नारळ घेऊन खाली येत होते, ते तिला तसं बघून जागच्या जागी थांबले. मग काही न विचारता त्यांनी नारळ फोडला आणि पहिला तुकडा तिच्या हातावर ठेवला.

संध्याकाळी ती घरी कणीक मळत होती, तर परत वडिलांचा फोन. आवाज घाबरा.

"आगं, परत काळं पडलं की गं! आत्ता उघडलं तर काळं. सकाळी तर चांगलं व्हतं!"

योगिनीनं कणकेचे हात तसेच धरले आणि फोन खांद्यात अडकवला. "बाबा, तुम्ही कुठे बसलाय?"

"वट्यावर."

"दिवस मावळलाय का तिकडे?"

"मावळला की. चांगला अंधार पडलाय."

"आणि अक्षरं दिसतायत?"

मग हळू आवाजात एक आकडा आला, मग दुसरा. ते वाचत होते.

"दिसत्यात," ते म्हणाले. "डोळ्याला बरं बी वाटतंय." आणि मग, जरा नवल वाटून, "म्हंजी त्याला माझ्याकडं रात झाली ते कळतंय?"

"आता कळतंय, बाबा," योगिनी म्हणाली. "आधी नुसती माझ्याकडची कळत होती."